खालचा डावा कोपरा

हंबीररावांच्या छातीत वाळू होती. बोलायची रीत म्हणून सांगत नाही. खरोखरची वाळू, पिठाहून बारीक, सव्वीस वर्षं श्वासावाटे आत गेलेली. शिरोलीच्या एका फौंड्रीत ते फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या लोखंडी कास्टिंगला वाळू चिकटून येते, ती दिवसभर ग्राइंडरनं खरवडायची, आणि तोंडाला बांधायला कंपनीकडून काय, तर दिवाळीला एक टॉवेल. टॉवेलानं धूळ अडत असती तर पिठाच्या गिरणीवाला संध्याकाळी पांढरा होऊन घरी गेला नसता. हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. पण कळणारे काचेच्या केबिनमध्ये बसायचे, आणि तिथं धूळ येत नव्हती.

मग खोकला लागला. एका डॉक्टरनं टीबी म्हणून सहा महिने गोळ्या चारल्या, दुसऱ्यानं आणखी सहा. लघवी लाल झाली, अंगावरचं मांस गेलं, खोकला मात्र जाग्यावर. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो खिडकीशी धरला आणि विचारलं, "मामा, काम काय करत होता?" वर्षभरात हा प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस. आजाराचं नाव सिलिकोसिस, त्या म्हणाल्या, आणि याला औषध नाही. गोड बोलून फसवलं नाही म्हणून हंबीररावांना त्या बाई आवडल्या. किती दिवस, हेही त्यांनी तिथंच विचारून घेतलं. दोन वर्षं धरून चाला, असं उत्तर आलं.

त्यांची मुलगी संयोगिता तेव्हा विद्यापीठात पीएचडीला नुकतीच लागलेली. विषय ठरायचा होता. ती दुसऱ्या दिवशी आपल्या गाइडकडं, कालिंदी मॅडमकडं गेली आणि म्हणाली, मला फौंड्रीच्या धुळीवर काम करायचंय. मॅडमनी कारण विचारलं नाही. उचगावात राहणाऱ्या मुलीला असला विषय का सुचतो, हे कोल्हापुरात कुणालाही कळतं.

आता तिचं काम काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही. माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांच्यावर तीच वाळू टाकायची, मग औषध द्यायचं आणि आत काय चाललंय ते बघायचं. बघायचं साधन म्हणजे मायक्रोअ‍ॅरे. बोटाएवढी लांब एक काच. तिच्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हजारो ठिपके, आणि एकेक ठिपका म्हणजे एकेक जनुक. नुसती वाळू खाल्लेल्या पेशींचा माल लाल रंगवायचा, वाळूबरोबर औषध दिलेल्या पेशींचा हिरवा. दोन्ही एकाच काचेवर सोडायचे, रात्रभर मुरू द्यायचे, धुवायचे आणि काच स्कॅनरमध्ये घालायची. औषधानं काही फरक पडला नसेल तर ठिपका पिवळा दिसतो. झोपलेलं जनुक औषधानं उठवलं असेल तर हिरवा, जागं दाबलं असेल तर लाल. हजारो प्रश्न एका दमात विचारता येतात, म्हणून औषध शोधणाऱ्यांनी ही काच एके काळी डोक्यावर घेतली होती. मोठी शहरं आता पुढच्या तंत्राकडं गेली. इथं पुण्याच्या एका संस्थेनं टाकून दिलेला स्कॅनर आला होता, आणि त्याचेही पेढे वाटले होते.

छातीची डागडुजी करणारी शेहेचाळीस जनुकं असतात, गवंडीच म्हणा ना. वाळू गेली की ती कामावर यायची बंद होतात. काचा बनवून घेताना संयोगितेनं ही शेहेचाळीस एकत्र खालच्या डाव्या कोपऱ्यात बसवली. मॅडम म्हणाल्या होत्या, विखरून टाक, एका जागी काही बिघडलं तर सगळं एकदम बिघडेल. पण पोरीला आईची सवय. तिखटमिठाचे डबे फळीवर एका बाजूला असले म्हणजे लाइट गेली तरी हात बरोबर जातो. कोपरा बघितला की उत्तर मिळावं, एवढाच तिचा हेतू.

औषध म्हणजे राधानगरीकडच्या रानातल्या एका वेलीचा अर्क. छापून येईपर्यंत वेलीचं नाव घ्यायचं नाही हा मॅडमचा दंडक, म्हणून सगळे त्याला सतरा नंबर म्हणायचे. आधीचे सोळा साध्या चाचणीतच बाद झाले होते. सतरा नंबर तेवढा काचेपर्यंत पोचला. काचा होत्या चारच.

बशीतून उंदरात, उंदरातून माणसात जायला दहा-बारा वर्षं कुठं जात नाहीत. हंबीररावांना मिळाली होती दोन, त्यातलं सव्वा गेलेलं. हा हिशेब पहिलीतल्या पोराला जमला असता. संयोगिता त्या हिशेबाकडं बघायचीच नाही. कुठंतरी चाचणी सुरू होईल, पहिल्या पन्नास माणसांत आण्णांचं नाव घालता येईल, एवढं ती मनाशी धरून होती. शिकलेलं माणूस स्वतःला फसवायला लागलं की अडाण्यापेक्षा व्यवस्थित फसवतं.

चैत्राची यात्रा झाली. दरवर्षी हंबीरराव उचगावातून जोतिबाच्या डोंगरावर चालत जायचे. यंदा त्यांना दारातल्या नळापर्यंत जायला दोनदा बसावं लागत होतं. म्हणून बयाबाई गेल्या. नवऱ्याच्या वाटणीचा नवस त्यांनी आपल्या पायावर घेतला, चालत गेल्या, चालत आल्या, आणि आल्या त्या नखशिखांत गुलाबी होऊन, टाचा फुटलेल्या. पदराच्या गाठीत गुलालाची पुडी.

सोमवारी सकाळी संयोगिता डबा भरत होती. हंबीरराव भिंतीला टेकून बसले होते, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत. ते मशीन एका संस्थेनं वापरायला दिलं होतं.

"आज काच घालणार न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आण्णा."

"मग ह्यो गुलाल ने. लाव मशिनीला."

"तितं आसलं काय चालत न्हाई. लई स्वच्छ लागतंय सगळं."

हंबीररावांनी थोडा दम घेतला. "आमच्यात भट्टीला गुलाल लावल्याबिगर वितळल्या लोखंडाची पहिली हीट निघत न्हवती. लोखंड वतायचं म्हंजे खेळ हाय व्हय. इंजिनेर सुदीक हात जोडून हुबा ऱ्हायचा. तुमची काच काय भट्टीपरास मोठी लागून गेली?"

"आण्णा, आवं—"

"ने की बाई," चुलीकडून बयाबाई म्हणाल्या. "त्येंच्या मनासाठी तरी. मी काय गंमत म्हणून गेलतो व्हय एवढ्या लांब?"

आईच्या टाचांना हळद लावलेली होती. संयोगितेनं पुडी पर्समध्ये टाकली आणि बस पकडली.

लॅबमध्ये मॅडम यायच्या होत्या, दुसरं कुणी नव्हतं. स्कॅनरला गुलाल लावायची तिची छाती झाली नाही. पण पुडी तशीच परत नेली असती तर घरी तोंड बघून ओळखलं असतं. तिनं मधला मार्ग काढला. काचांच्या डब्याच्या झाकणावर अंगठ्यानं चिमूटभर ओढला, मनातल्या मनात चांगभलं म्हटलं, हात साबणानं स्वच्छ धुतले, नवे हातमोजे चढवले. आणि मोजा घातलेल्या त्याच अंगठ्यानं झाकण उघडून पहिली काच उचलली. काच कडेला धरायची असते. तिनं कडेलाच धरली, खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कॅनरनं चित्र काढलं. सगळी काच पिवळी, अधूनमधून लाल ठिपके, आणि खालचा डावा कोपरा हिरवागार. तिनं खुर्ची पुढं ओढली. मोजलं. शेहेचाळीसपैकी एक्केचाळीस हिरवे. तिनं परत मोजलं. मग ती बाहेर व्हरांड्यात गेली, कठड्याला धरून उभी राहिली आणि रडली, चांगली दहा मिनिटं.

कालिंदी मॅडमनी चष्मा काढून चित्र जवळून बघितलं. बाई नाशकाकडच्या, शब्द मोजून वापरणाऱ्या. "छान आहे," त्या म्हणाल्या. "फारच छान आहे. म्हणूनच मला भीती वाटते. आता रंग उलटे करून बघू. औषधाच्या पेशींना लाल, नुसत्या वाळूच्या पेशींना हिरवा. हे खरं असेल तर पुढच्या काचेवर हाच कोपरा लाल यायला हवा. तोपर्यंत घरी काही बोलू नकोस."

"नाही बोलत, मॅडम."

हा शब्द तिनं उचगावचा स्टॉप येईपर्यंत पाळला.

घरात पाऊल टाकलं आणि हंबीररावांनी नुसतं बघितलं तिच्याकडं. तिच्यानं राहवलं नाही. मोबाइलवर चित्राचा फोटो होता, तो तिनं त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ आणला.

"ह्या हिरव्या टिकल्या म्हंजे काय?"

"तुमच्या छातीतली दुरुस्तीची माणसं हायत ती. वाळूनं घरी बसलीती. औषध दिल्यावर परत कामावर आली."

"संप मिटला म्हण की," हंबीरराव म्हणाले आणि हसले. हसण्यातून खोकला उठला, तो पाच मिनिटं बसला नाही. पण डोळ्यांत जे आलं होतं ते खोकल्यानंतरही तसंच राहिलं. बयाबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि तिथल्या वाटीतला यात्रेचा गुलाल नवऱ्याच्या कपाळाला लावला.

चार दिवसांनी संयोगिता घरी आली तर घर गप. घरघर नाही. मशीनच्या जागी फरशीवर धुळीचा चौकोन तेवढा राहिलेला.

"मशीन कुठं गेलं?"

"आकारामला दिलं," हंबीरराव म्हणाले. आकाराम म्हणजे त्यांच्या शेजारच्या ग्राइंडरवरचा गडी, मुडशिंगीचा. बावीस वर्षं दोघांनी एकाच ढिगाची धूळ खाल्ली होती. "त्येचा ल्योक आलता टेंपो घिऊन. आकारामला आता बसून झोपाय लागालंय. त्येला औषध मिळूस्तवर कायतरी पायजे की. मला काय, माझी पोरगीच औषध काढालीया."

"आण्णा, अजून वेळ हाय वं त्येला."

"किती?"

बारा वर्षं, हे तिच्या जिभेवर होतं. बाप तोंडाकडं बघत होता.

"हाय थोडा," ती म्हणाली.

लोक पुढं गुलालाचं बोलतील, बोलोत. मला विचाराल तर खरा घात ह्या 'थोड्या'नं केला. गुलाल तिनं बापाच्या शब्दाखातर लावला, हा शब्द तिचा स्वतःचा होता.

रंग उलटे करायला नव्या पेशी वाढवाव्या लागतात. त्यात तीन आठवडे गेले. मे महिना तापत होता. हंबीरराव मशीनवाचून दिवस काढत होते, उशा रचून पुढं वाकून बसायचे, ओठ निळसर दिसायचे. विचारलं की म्हणायचे, "बरं हाय की. तुजं चालू दे." संयोगिता मुडशिंगीला एकदा जाऊनही आली, मशीनचं कसं विचारावं म्हणून. आकाराम खाटेवर बसले होते, नळी नाकात, आणि त्यांनी तिला बघून दोन्ही हात जोडले. वयानं बापाएवढं माणूस. ती चहा पिऊन परत आली.

दुसरी काच तिनं स्कॅनरमध्ये घातली. कोपरा लाल यायला हवा होता. कोपरा पिवळा आला. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस पिवळे. औषध दिलं काय न दिलं काय, सारखंच.

काहीतरी चुकलं असेल, ती म्हणाली. मॅडमनीही होय म्हटलं. तिसरी काच, रंग पहिल्यासारखेच ठेवून, सगळं पहिल्या दिवशी केलं तसंच. पहिल्या दिवशी केलं ते सगळं, फक्त गुलाल सोडून. तो तिच्या ध्यानातही नव्हता, झाकण तर लॅबमधल्या मावशींनी केव्हाच पुसून ठेवलं होतं. तिसऱ्या काचेचा कोपरा पिवळा. आता पहिली खरी की पुढच्या दोन?

तिनं पहिली काच खोक्यातून काढली आणि सहज म्हणून परत स्कॅनरमध्ये सरकवली. ह्या रंगांचं आयुष्य थोडं असतं. महिन्याभरात लाल जवळजवळ उडून गेला होता, हिरवा फिकुटला होता, सगळी काच विझल्यासारखी. कोपरा तेवढा पहिल्या दिवसासारखा हिरवागार.

जो रंग ती स्वतः घालते तो उडतो. मग हा न उडणारा कुठला?

कोपरा, कडा, अंगठा, झाकण. एवढ्या चार पायऱ्या ती एका क्षणात मागं गेली. पर्सच्या तळाशी पुडी तशीच होती. तिनं एक साधी कोरी काच घेतली, पुडीला लागलेलं बोट तिच्या कडेला टेकवलं, काच तीनदा धुतली, डोळ्यांना काही दिसेनासं झाल्यावर स्कॅनरमध्ये घातली. बाजारच्या गुलालात कसलाकसला रंग असतो. डोळ्यांना तो गुलाबी, पण स्कॅनरच्या किरणाखाली नेमका तिच्या हिरव्या रंगाच्या घरात उजळणारा. पडद्यावर कोरी काच हिरवी झाली. मोज्यावरची कणभर भुकटी धुण्याच्या पाण्यात विरघळली असणार, कोपऱ्यावर पसरली असणार, आणि काचेपेक्षा ठिपक्यांना जास्त चिकटली असणार. सतरा नंबरनं काहीही केलं नव्हतं. छातीतला एक गवंडीही कामावर आला नव्हता.

मॅडमना तिनं उभ्यानंच सांगितलं. काही लपवलं नाही. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "काच कुठल्या हातानं धरली होतीस?"

"उजव्या."

"तारखेसकट सगळं लिहून ठेव. झाकण, मोजा, गुलाल, सगळं. हैदराबादच्या परिषदेला, मुदत संपते म्हणून पाठवला होता तो निबंध मी मागं घेते." त्या खिडकीकडं वळल्या. "सतरा नंबर बंद. चौथी काच एमएस्सीच्या मुलांना प्रात्यक्षिकाला देऊ." आणि मग, पाठ तशीच ठेवून, "घरी सांगितलं होतंस का गं?"

संयोगिता वही काढून तारीख लिहायला लागली. मॅडमना उत्तर मिळालं.

घरी पोचली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बयाबाई दळण आणायला गेल्या होत्या. हंबीरराव उशांवर कपाळ टेकून बसले होते. ती समोर फरशीवर बसली, पर्स मांडीवर घेऊन.

"आण्णा, औषध लागू पडलं न्हाई."

त्यांनी मान वर केली. बराच वेळ श्वास जुळवला. "परत बघितलंस?"

"दोन बार बघितलं."

"म्हंजे कास्टिंग वरनं चकचकीत, आत ब्लोहोल, नुसती हवा." ते म्हणाले. "हातोडी मारली की आवाज बद्द येतोय. आमी आसलं लई टाकलंय भंगारात." थांबले. खिडकीतून टेंपोचा आवाज आला आणि गेला. मग त्यांनी विचारलं, आणि सव्वीस वर्षं माल हाताखालून गेलेला माणूस दुसरं काय विचारणार, "मग पहिल्या बारीला कशानं उजळलं?"

मशीन बिघडलं होतं म्हणता आलं असतं. लाइट कमीजास्त झाली म्हणता आलं असतं. विद्यापीठातून उचगावपर्यंत ती हेच घोकत आली होती. पण एकदा 'थोडा' म्हणून झालं होतं, आता तिच्याकडून दुसऱ्यांदा होईना.

"गुलालानं," ती म्हणाली. "झाकणाला लावलता, तितला मोज्याला लागला, मोज्याचा काचंला. मशिनीला त्यो हिरवा दिसला. औषधाचं न्हवतंच ते काय."

हंबीररावांनी देवाच्या फळीकडं बघितलं. तिथं एका वाटीत उरलेला गुलाल होता.

"म्हंजे मी लाव म्हटलं म्हणून," ते म्हणाले.

"तुमचं न्हाई आण्णा. माझं चुकलं. मला कळाय पायजे होतं. मला शिकवलंय हे सगळं, तुमाला कुणी शिकवलंतं?"

त्यांनी हात वर केला. बोलायला लागणारा श्वास वाचवायचा असला की ते तसं करायचे. तिला रडू आवरेना, आणि तिनं आवरलंही नाही. ते तिच्याकडं बघत राहिले, रागानं नाही, कामावरून सुटताना शेवटच्या कास्टिंगवर हात फिरवावा तसे.

"आकारामकाकांकडनं मशीन आणतो मी परत," ती नाक पुसत म्हणाली. "आत्ता जातो."

"त्येच्या नाकातनं काढून माझ्या नाकात घालणार?" हंबीरराव म्हणाले. "ऱ्हाऊ दे. त्येला काय सांगू नगंस. त्येला वाटू दे, औषध येतंय." आणखी दोन श्वास. "आन् बयाला तर आजाबात न्हाई. पाय फुटलंतं तिचं त्या गुलालापायी. तिला कळलं तर ती जगायची न्हाई."

तेवढ्यात बयाबाई आल्याच, डोक्यावर दळणाचा डबा, पाय अजून जरा ओढत. डबा उतरवला आणि लेकीच्या तोंडाकडं बघितलं.

"काय झालं गं? रडालीस का?"

संयोगिता बापाकडं बघायला लागली.

"काय न्हाई," हंबीरराव म्हणाले. "उद्या परत काच घालायची हाय म्हणं. भ्याली ती."

"आत्ता गं बया. भ्यायचं काय त्यात?" बयाबाईंनी पदरानं हात पुसले आणि फळीवरची वाटी खाली घेतली. "मदी दोनदा घातलीस आन् गुलाल न्हेला न्हाईस, मी बघितलं की. म्हणून तुजं तोंड पडल्यालं. त्या बारीला लावलास तर कसं सगळं हिरवं झालं. हात कर हिकडं."

संयोगितेचा हात मांडीवरून उचलेना. तिनं परत बापाकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, बारीक, बयाबाईंना दिसू नये इतकी.

"घे की लावून," ते म्हणाले. "आई देती तर."

तिनं उजवा हात पुढं केला. बयाबाईंनी तिचा अंगठा आपल्या मुठीत धरला आणि त्यावर गुलाल चांगला दाबून चोळला, नखाच्या कडेपर्यंत.

"आता चांगभलं म्हण," त्या म्हणाल्या.

संयोगितेनं अंगठा मुठीत मिटला. आई वाट बघत राहिली. शेवटी हंबीररावांनी उशीवरून हात काढला, सरळ बसले आणि म्हणाले, "जोतिबाच्या नावानं," आणि मग बराच वेळ श्वास गोळा करून, "चांगभलं."